उजव्या हाताचं घर

आमच्या संस्थेची स्मरणिका निघणार आहे. त्यासाठी मागच्या आठवड्यात दोन तरुण प्राध्यापक घरी आले, सोफ्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कारकिर्दीच्या आठवणी लिहून द्या. जरा प्रेरणादायी असू द्या." प्रेरणादायी! त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, देते लिहून. तर हे घ्या. छापायची हिंमत असेल तर छापा, नाहीतर रद्दीत घाला. तुमच्याकडं रद्दीला काही तोटा नाही.

मी अर्थशास्त्राची बाई. उभा जन्म शेतमजूर, त्यांची घरं आणि पोटासाठी गाव सोडून जाणारी माणसं ह्यांच्यावर लिहिण्यात गेला. ह्याच विषयावरचा माझा एक अहवाल अजून विद्यार्थ्यांना वाचायला देतात. तो खोटा आहे. त्यातला एकही आकडा मी मनानं घातलेला नाही, एकही बेरीज चुकलेली नाही, आणि तरी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खोटा आहे. हे मला नंतर कळलं असं नाही. लिहितानाच ठाऊक होतं.

तेव्हा संस्था शहराच्या कडेला, गारखेड्यात होती. आजूबाजूचे निम्मे प्लॉट मोकळे, त्यांत बाभळी आणि डुकरं. खाली ग्रंथालय, वर आम्ही, आणि जिन्यालगत संचालकांची खोली. ह्या गृहस्थांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी माझी फार इच्छा आहे, पण आठवतं ते भलतंच. भरून आलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन ते उकडलेल्या शेंगा खायचे. टरफलं त्याच कागदांवर. मग टाचणीनं कान कोरायचे आणि तीच टाचणी कागदांना लावायचे. शी! कुठल्या तरी बाईनं भर उन्हात ओट्यावर बसून आपलं सगळं घर आम्हाला उघडून सांगितलेलं असायचं, आणि त्या कागदाची ही गत. मी नाक मुरडायची. बोलायची मात्र नाही, कारण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती.

एका वर्षी दिवाळीनंतर सरकारच्या एका खात्याकडून काम आलं. सिल्लोड भागातल्या काही गावांतून दर हंगामात माणसं ऊसतोडीला जातात. दसऱ्या-दिवाळीला ट्रकमध्ये बसतात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून काही गावांत हंगामी वसतिगृहं सुरू केलेली होती. वसतिगृह म्हणजे काय, शाळेच्याच दोन खोल्या, झोपायला सतरंज्या आणि दोन वेळचं जेवण. ती पुढं चालवायची की बंद करायची, हे खात्याला ठरवायचं होतं. त्यासाठी आमच्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. माणसं अजून जातात का, की गावातच कामं मिळायला लागल्यामुळं त्यांचं जाणं थांबलंय?

आणि अहवाल द्यायचा मार्चअखेर. म्हणजे जी माणसं सहा महिने गावात नसतात, त्यांना आम्ही नेमकं त्याच सहा महिन्यांत जाऊन विचारणार, की बाबांनो, तुम्ही जाता का? हे कुणाच्याच लक्षात आलं नाही असं नाही. मी बैठकीत एकदा म्हणालेही. संचालक म्हणाले, "थंडीत फिरायला बरं पडतं, मॅडम. पाडव्यानंतर ऊन किती असतं!" सगळे हसले. त्यात मीही होते.

प्रश्नावली मी तयार केली. नियमही माझाच. मतदारयादीतून घरं निवडायची. निवडलेलं घर बंद असलं तर त्याच्या उजव्या हाताचं घर घ्यायचं. तेही बंद असलं तर त्याच्या उजव्या हाताचं. घरोघर फिरून प्रश्नावल्या भरणाऱ्या अन्वेषकांनी आपल्या सोयीची घरं गाठू नयेत म्हणून असा नियम करतात. मला काय अभिमान होता त्या नियमाचा! सूचनांच्या पानावर तो मी जाड टाइपात छापून घेतला.

गाव सिल्लोडच्या रस्त्यावरून बरंच आत होतं. एम.ए. झालेले दोन अन्वेषक माझ्याबरोबर जीपमध्ये होते. ज्या वस्तीतली घरं यादीत जास्त होती, ती शाळेच्या मागं. एका ओळीत घरं, आणि ओळीच्या ओळ कुलूपबंद. प्रत्येक कुलपाला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळलेली, गंजू नये म्हणून. जाताना केलेलं उंबऱ्याजवळचं सारवण वाळून भेगाळलेलं. अन्वेषकानं पहिल्या दारासमोर उभं राहून विचारलं, "मॅडम, उजवीकडचं घ्यायचं?" म्हटलं, घ्या. तेही बंद. त्याच्या उजवीकडचंही बंद. अशी अख्खी ओळ आम्ही उजव्या हातानं ओलांडली, मग रस्ता ओलांडला, आणि थेट बागायतदारांच्या मोठ्या आळीत जाऊन पोचलो.

तिथं मात्र दारं सताड उघडी. ओसरीवर सतरंजी, तांब्याभर पाणी, लगेच धपाटी आणि दही. मी स्वतः अशाच घरातली. सिल्लोडच्या पलीकडं माझ्या वडलांची चांगली बागायत होती, आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायका दिवाळी झाली की दिसेनाशा व्हायच्या. आई म्हणायची, "गेल्या वाटतं." कुठं गेल्या, कशानं गेल्या, आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. तर त्या ओसरीवर बसल्यावर मला आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं, आणि तिथंच मी शेण खाल्लं. मांडी घालून दह्याची दुसरी वाटी मागून घेतली आणि विचारलं, "घरातलं कुणी कामासाठी बाहेरगावी जातं का?"

ओसरीवरचे बापे हसले. "आमी कशाला जावं, मॅडम? आमच्याकडंच लोकं कामाला येत्यात."

अन्वेषकानं 'नाही'वर खूण केली. एक कुटुंब झालं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. दुपारपर्यंत 'नाही'च्या खुणांनी आमचं दप्तर भरलं आणि दोघं अन्वेषक खूश होते, काम भराभर उरकत होतं.

दुपारी वसतिगृह बघायला गेले. स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळं गाव खाला म्हणायचं. चुलीपुढं बसून ती खिचडी ढवळत होती, आणि तिच्या कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. ऊसतोडीला जाणारी घरं चाव्या तिच्याकडं ठेवून जायची. ही त्या घराची जुनी रीत. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी माणसं जीव मुठीत घेऊन पळाली, तेव्हा हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या लोकांनी आपल्या चाव्या तिच्या सासऱ्याकडं टाकल्या होत्या. परतल्यावर ज्याची त्याला मिळाली. एक तेवढी राहिली. त्या घरचे लोक आलेच नाहीत, घरही पुढं पडून गेलं, तरी चावी जुडग्यात होती, पांढऱ्या चिंधीची.

"ताला लगा सो घर छोड़के कायकू जारे, मॅडम?" खाला मला म्हणाली. "मेरे कू पूछो ना. कौन किधर गया, सब मालूम है. नै तो इस छोरी कू पूछो, इने सब लिखको रखी."

छोरी दाराशीच उभी होती. सहावीतली, शाळेच्या गणवेशात, दोन घट्ट वेण्या. तिनं लगेच वही पुढं केली. पाठकोरे कागद सुईदोऱ्यानं शिवून केलेली वही होती. "खालाला वाचता येत नाय म्हून चिंध्या," ती म्हणाली. "मला येतं म्हून वही."

मी वही उघडली आणि बघतच राहिले. प्रत्येक चिंधीला एक ओळ. लाल चिंधी, घरातली माणसं कोण कोण, कुठल्या ट्रकनं गेली, कुठल्या कारखान्याच्या फडावर, पोटुशी कोण होती, मागं कोण राहिलं, शेळी कुणाकडं बांधली. मग हिरवी चिंधी. मग निळी. मी पानंच्या पानं खर्चून जे विचारलं होतं ते हिनं एकेका ओळीत मांडलं होतं, तेही कुणी न सांगता. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला.

"उतरून घ्या की, मॅडम," ती म्हणाली. "कुलपाची समदी घरं हायत ह्याच्यात."

"अगं, नाही चालत तसं. घरातल्या मोठ्या माणसानं स्वतः सांगावं लागतं. आणि घर बंद असलं की उजव्या हाताचं घर घ्यायचं, असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"असतो," मी म्हणाले.

"मंग जे गेलेत त्यांचं कोण इचारणार?"

खाला हसली. पोरगी हसली नाही. तिला काय हवंय ते तिनं मला सरळ सांगून टाकलं. "शाळेचे सर म्हणत हुते, तुमच्या लिवण्यावर वसतिगृह ऱ्हाणार का नाय ते हाय. यंदा माझी सहावी व्हईल. फुडल्या साली सातवी. सातवी झाली की मामा सिल्लोडला नेणार हाय, हायस्कूलला. बोलणं झालंय. मला हितं फकस्त एकच साल पायजे, मॅडम. नायतर बाप म्हणतो, धाकटीला सांभाळाया ट्रकात चल."

एकच साल मागत होती. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. पाठीवरून हात फिरवला. आणि पर्समधून माझं शाईचं पेन काढून तिला दिलं. केवढी माझी दानत! वही तिच्या हातात तशीच राहिली. जीप सुटल्यावर अन्वेषक म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो." मी म्हणाले, "आहे ना." वाटेत रसवंतीवर थांबून आम्ही रस प्यालो. उसाचा!

गारखेड्याला परत येऊन प्रश्नावल्या लावायला बसले, तेव्हा मग सगळं ढळढळीत समोर आलं. त्या गावातच नव्हे, बाकीच्या गावांतही हेच झालं होतं. जी घरं निवडली होती ती बंद, आणि जी भरली होती ती उजव्या हाताची. जाणाऱ्यांना आम्ही विचारलंच नव्हतं. राहणाऱ्यांना विचारून आलो होतो, की तुम्ही जाता का?

मी संचालकांकडं गेले. सगळं सांगितलं. ते शेंगा खात होते.

"बदली घरं नियमानं घेतली ना?"

"हो, सर."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"मग झालं तर!" त्यांनी शेंग फोडली.

"पाडव्यानंतर परत जाऊ या, सर. पंधरा दिवस द्या मला. कुलपाची घरं तेवढी करून आणते. आणि एका गावात एका मुलीकडं वही आहे, त्यात—"

"मुलीकडं वही?" ते इतके हसले की टरफल उडून माझ्या पदरावर पडलं. "अहो मॅडम, मार्चअखेर काय पाडव्याला विचारून येतो? एवढं मनाला लागत असेल तर तळटीप टाका. तळटिपा असतात कशासाठी?"

आणि मी तळटीप टाकली. तीनदा खरडून, चौथ्यांदा नीट लिहून. कुलूपबंद घरं सर्वेक्षणात येऊ शकली नाहीत, तरी निष्कर्ष वाचताना हे ध्यानात घ्यावं, असं काहीतरी गुळमुळीत. टंकलेखकानं ती सगळ्यात बारीक अक्षरांत बसवली. मला वाटलं, चला, सांगितलं बाई आपण. माझी सगळी सदसद्विवेकबुद्धी त्या पानाच्या तळाशी, दोन ओळींत. शी शी. पुढं खात्यासाठी अहवालाचा सारांश छापला, त्यात तळटिपा घेत नसतात.

सादरीकरणाच्या दिवशी जेवणात बासुंदी होती. संचालकांच्या मिशीला ती लागलेली अजून दिसते मला. जेवण झाल्यावर खात्याचे मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, अहवाल छान आहे. पण मला एका वाक्यात सांगा. माणसं जातात, की गावातच राहतात?"

एका वाक्यात सांगण्यासारखंच होतं. साहेब, आम्ही चुकीच्या घरात विचारून आलोय. एवढंच वाक्य. ते माझ्या ओठांवर होतं. सगळे माझ्याकडं बघत होते, संचालक तर डोळे वटारून. आणि मी म्हणाले, "आम्ही ज्या कुटुंबांना भेटलो, त्यांच्यात हंगामी स्थलांतर जवळपास आढळलं नाही."

ह्यात एक शब्द खोटा दाखवा. नाही दाखवता येणार. ह्याच कसबाचे मला पुढं आयुष्यभर हारतुरे मिळाले. साहेब म्हणाले, "व्वा," आणि उठले.

त्या वर्षीचं वसतिगृह पाडव्यापर्यंत चाललं. पोरीची सहावी झाली असणार, मी चौकशी केली नाही. पुढच्या दसऱ्यानंतर एक दिवस संस्थेच्या पत्त्यावर माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. पत्ता तिनं प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरून टिपून ठेवलेला असणार. शाळेत शिकवतात तशा शुद्ध भाषेत, ओळी अगदी सरळ.

'मॅडमना नमस्कार. यंदा आमचं वसतिगृह उघडलं नाही. गावातून कुणी कामाला जात नाही असं पुस्तकात आलं आहे म्हणतात. आमच्या ओळीतली सगळी घरं जाणार आहेत. दिवाळी झाली की ट्रक येईल. मी वही पुन्हा नवी लिहिली आहे. तुम्ही साहेबांना सांगितलं तर ते ऐकतील. तुमच्याच पेनानं लिहीत आहे.'

दिवाळीला अजून दोन आठवडे होते. दोन आठवडे पुष्कळ झाले. सिल्लोडची एस.टी. पकडून गावात जायचं, वही घ्यायची, साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, माझं चुकलं. एका दिवसाचं काम. पण त्याच दोन आठवड्यांत माझी वरच्या जागेसाठीची मुलाखत होती, आणि तिथं माझ्या हातात दाखवण्यासारखा एकच कागद होता, तो अहवाल. तो चुकलाय असं मीच सांगितलं तर मुलाखतीला जायचं कशाला? मी पोस्टकार्ड टेबलाच्या खणात टाकलं. म्हटलं, मुलाखत झाली की जाऊ. मुलाखत झाली. जागा मिळाली. पेढे वाटले. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, भाऊबीज झाली. मी भावाच्या घरी सिल्लोडलाच होते की! जेवून, ओवाळून, संध्याकाळच्या गाडीनं परत आले. उसाच्या फडाकडं निघालेले ट्रक रस्त्यात समोरून येत होते, माणसं, भांडी, शेळ्या, सगळं एकावर एक. मी खिडकीची काच ओढून घेतली. धूळ येत होती.

त्यानंतरची कारकीर्द तुमच्या कागदोपत्री आहेच. परिषदा, समित्या, परदेशातला एक दौरा. त्या दौऱ्याआधी, एका मोठ्या परिषदेत, माझ्या हातून जे झालं ते मात्र कागदावर नाही. भाषण रंगत नव्हतं. लोक जांभया देत होते. तेव्हा मी त्या वहीची गोष्ट सांगितली. एका खेड्यातली चिमुरडी, चिंध्या बांधलेल्या चाव्या, पाठकोरी वही, आणि म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या सर्वेक्षणांपेक्षा त्या मुलीचं सर्वेक्षण चांगलं होतं!" काय टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. चहाच्या वेळी एका बाईंनी माझा हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरून आले होते. "त्या मुलीचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "शिकली असेल." आणि समोसा उचलला. मला माझी इतकी किळस पुन्हा कधी आली नाही असं म्हणणार होते, पण पुन्हाही आली. तेच आता सांगते.

निवृत्त झाल्यावरही संस्थेनं मला सल्लागार म्हणून धरून ठेवलं. खेड्यांतून शहरात आलेल्या कुटुंबांची पाहणी चालली होती, आणि एका दुपारी मी शहरातल्याच मुकुंदवाडीला गेले. रेल्वे स्टेशनच्या मागं पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी आहेत, तिथं. बरोबर एक तरुण अन्वेषक मुलगी, हातात टॅब. आता कागद नाहीत, टरफलं नाहीत, सगळं स्वच्छ. यादीतली पहिलीच खोली बंद होती. तिनं टॅबवर तसं नोंदवलं आणि लगेच पडद्यावर सूचना उमटली. घर बंद असल्यास उजव्या हाताचं घर घ्यावं.

"मॅडम, हा तुमचाच ना नियम?" ती कौतुकानं म्हणाली. "आम्हाला अभ्यासाला होता."

उजव्या हाताच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीवर खिळ्याला चाव्या लटकलेल्या. लाल चिंधी, हिरवी चिंधी, निळी. आणि एक पांढरी. चेहऱ्याकडं बघायच्या आधीच मला कळलं, ही ती वहीवाली पोरगी.

ती कंपनीतून पॅकिंगची पाळी करून नुकतीच आलेली, अंगावर अजून तिथला निळा कोट होता. तिनं मला एका नजरेत ओळखलं. "या, मॅडम. लई वर्सांनी." गोणपाट झटकून अंथरलं, पाणी दिलं. खाला गेली, म्हणाली. गावचा जुडगा तिनंच आपल्या हातानं हिच्याकडं दिला होता. आता ह्या ओळीतली माणसं गावी गेली की चाव्या हिच्याकडंच ठेवतात. "तुमचं पेन लई दिस चाललं," ती म्हणाली. "फडावर बी नेलं हुतं मी. मंग ते तिथं उसाच्या पाचटात कुटं पडलं, ते घावलंच नाय."

मी पाण्याचा पेला उचलला. अन्वेषक मुलीनं प्रश्न सुरू केले होते. घरात किती माणसं, कुठून आलात, कधी आलात. वहीवाली पटपट उत्तरं देत होती, आणि मधेच भिंतीकडं हात करून म्हणाली, "हे बाजूचं बंद हाय ना, त्यांचं बी सांगते. समदं ठाऊक हाय मला."

"नको ताई," मुलगी म्हणाली. "टॅब घेत नाही दुसऱ्याचं."

"व्हय का? बरं." आणि ती माझ्याकडं बघून थोडं हसली.

"शाळा कितवीपर्यंत झाली, ताई?"

"सहावी पास. सातवीत नाव हुतं."

"सोडायचं कारण?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग माझ्याकडं बोट केलं, सहज, घरातल्या माणसाकडं करावं तसं. "ते मॅडमला इचारा. त्यांला ठाऊक हाय."

मुलगी माझ्याकडं वळली. टॅबवरचे पर्याय तिनं मोठ्यानं वाचले. घरकाम, भावंडं सांभाळणं, आवड नव्हती, लग्न झालं, शाळा लांब होती, इतर. "काय टाकू, मॅडम? कारण टाकल्याशिवाय हा पुढं जात नाही."

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ती कोट घातलेली बाई तर पुढं झुकून ऐकत होती, मी काय सांगते ते. तिला बाकी काही नको होतं. एवढ्या वर्षांनी कुणी तरी ते मोठ्यानं म्हणावं, आणि ज्या माणसानं म्हणायला हवं ते तिच्या गोणपाटावर बसलेलं होतं, तिचंच पाणी पीत.

"इतर टाक," मी म्हणाले.

मुलीनं 'इतर' टाकलं आणि पुढचा प्रश्न विचारला.